कोल्हापूर प्रकरण
कोल्हापूर प्रकरण (इ.स. १८८२) हा कोल्हापूर संस्थानच्या राजघराण्याविषयीच्या वृत्तपत्रीय लेखनातून उद्भवलेला अब्रुनुकसानीचा खटला होता. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात असल्याचा आरोप पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी केला आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांना त्याबद्दल जबाबदार धरले. बर्वे यांनी फिर्याद केली. आरोपांना आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढल्यावर त्यांची सुटका झाली.

छत्रपतींची स्थिती मात्र पालटली नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, इंग्रजांच्या देखरेखीखाली असतानाच त्यांचा मृत्यू झाला. १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू महाराजांशी ‘केसरी’चे संबंध पुढे बिघडले. वेदोक्त प्रकरणात या पत्राने १९०१ मध्ये महाराजांच्या भूमिकेला विरोध केला. छत्रपतींसाठी ज्याच्या संपादकांनी तुरुंगवास भोगला, तेच पत्र दोन दशकांच्या आत त्याच गादीचे टीकाकार बनले.