सीमेपलीकडचा शोध : डॉ. रा. चिं. ढेरे

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेला मराठी आणि कानडी भाविक एकाच वाटेने चढतात. या वाटेचा मागोवा ज्यांनी ग्रंथांतून घेतला, ते रामचंद्र चिंतामण ढेरे विद्यापीठाच्या खुर्चीवर बसलेले पंडित नव्हते. 21 जुलै 1930 रोजी मावळातील निगडे येथे त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, आजीने वाढविले. पुण्यात रात्रशाळेत शिकून, पोथ्या जमवत, त्या संपादित करत त्यांनी आपला अभ्यास उभा केला.

'लज्जागौरी' (1978) या ग्रंथात रेणुका, यल्लम्मा आणि आपल्या गोमंतकाची सांतेरी यांना त्यांनी एका सूत्रात गुंफले. वारुळाची पूजा हे ते सूत्र. सांतेरीच्या गाभाऱ्यातले वारूळ ज्याने पाहिले आहे, त्याला ही मांडणी पटवून द्यावी लागत नाही.

विसोबा खेचरांच्या 'षट्‌स्थळ' या ग्रंथावरील त्यांचे काम आमच्या मते अधिक धाडसाचे. नामदेवांच्या गुरूंचा धागा त्यातून थेट वीरशैव परंपरेशी जुळतो. सीमावादाने दोन्ही भाषा एकमेकींसमोर उभ्या केलेल्या असताना, पंढरीचा विठ्ठल मूळचा गवळी-धनगरांचा देव असून त्याची मुळे कर्नाटकाच्या मातीतही शोधली पाहिजेत, असे सांगणे सोपे नव्हते. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) या ग्रंथास 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि 2011 मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

1 जुलै 2016 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.