थरथरणारी चिलटं

मे महिना. कारंज्यात गुरुमंदिराकडे निघालेले तुम्ही केळ्यांच्या गाडीपाशी थबकता. काळ्या पडलेल्या फण्यांवर चिलटं उठतात, बसतात. गाडीवाला रुमाल झटकतो. चिलटांना त्याचं काही नाही. त्यातलं एक हेरा आणि त्याच्या मागोमाग काळात मागं चला.

१९४४, जर्मनी. बाहेर युद्ध, आत दुधाच्या बाटल्यांत पाळलेली चिलटं. तपासायची तर ती हलता कामा नयेत, म्हणून त्यांना ईथर देतात. गोडसर वास तुमच्याही नाकात शिरतो. बाकीची निपचित पडतात. अलेक्झांडर काट्श यांच्यासमोरची काही मात्र बेशुद्धीतही पाय थरथरवतायत. हा दोष पिलांतही उतरतो. का, हे सांगायला अजून कुणापाशी साधन नाही.

पंचवीस वर्षं पुढं या. कॅलिफोर्नियात कॅप्लन आणि ट्राउट अशाच चार बिघडलेल्या वाणांचं वागणं टिपून ठेवतायत. थरथरणाऱ्याला ‘शेकर’ म्हणतात. दुसऱ्या एकाचे पाय ईथरच्या गुंगीत नाचणाऱ्यासारखे हलतात, त्याला ‘ईथर-अ-गो-गो’. वैज्ञानिक इतके मोकळे नेहमी नसतात.

आता मुंबई. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था. ओबैद सिद्दिकींनी १९६२ साली इथं रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. १९७६ मध्ये सिमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या चिलटांच्या मज्जातंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातलं एक वाण २९ अंशांना कोसळतं, गारवा मिळाला की उठून चालू लागतं. कारंज्याच्या मे महिन्यात त्याला सकाळचे नऊसुद्धा झेपले नसते!

या वाणात बिघाड सोडियमच्या दाराचा होता, हे पुढं उमगलं. मज्जातंतूतून निरोप निघतो तेव्हा सोडियम आत घुसतो. निरोप संपवायचा तर पोटॅशियम बाहेर जावा लागतो. पहिलं दार उघडलं नाही तर चिलट लुळं पडतं. दुसरं बिघडलं तर निरोप लांबतो, स्नायूला नको तितका इशारा मिळतो आणि पाय थरथरतात. मला या दोघांत दुसऱ्याचं नवल जास्त वाटतं. थांबणं म्हणजे काही न करणं, अशी आपली समजूत. इथं तर थांबण्यासाठी वेगळी यंत्रणा आहे आणि तिचा जनुकही वेगळा. १९८७ साली तो, म्हणजे शेकरचा जनुक, सॅन फ्रान्सिस्कोत लिली आणि यु नुंग जान या दांपत्याच्या प्रयोगशाळेच्या हाती लागला. त्याआधी पोटॅशियमच्या दाराचा एकही जनुक कुणी वेगळा काढला नव्हता.

२००५, विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन. रात्रभर इथं उभे राहा, डोळे चोळू नका. किआरा चिरेल्ली, जुलिओ टोनोनी आणि सहकाऱ्यांनी चिलटांची सुमारे ९,००० वाणं झोपेसाठी चाळलीत. एक वाण नेहमीच्या एक तृतीयांशच झोपतं, तरी दिवसा सुस्तावलेलं दिसत नाही. बिघाड शेकरमध्येच. हेवा करू नका: ही चिलटं लवकर मरतात.

याच शहरात ११ वर्षं मागं सरका. बॅरी गनेट्स्कींच्या प्रयोगशाळेत ‘ईथर-अ-गो-गो’चा भाऊबंद माणसात सापडतोय. पुढच्याच वर्षी कळतं, की त्याचं पोटॅशियमचं दार बिघडलं तर हृदयाचा ताल धोकादायकरीत्या चुकू शकतो. टर्फेनाडीन ही तेव्हाची खपाची ॲलर्जीची गोळी नेमकं हेच दार अडवते, म्हणून अमेरिकेच्या बाजारातून ती गेली. शरीरात तिचंच रूपांतर होऊन तयार होणारं फेक्सोफेनाडीन मात्र नेहमीच्या मात्रेत हे दार अडवत नाही. सोयाबीनच्या मळणीत धुळीनं शिंका थांबेनात, तेव्हा कारंज्यातल्या मेडिकलवाल्यानं तुमच्या हातावर ठेवलेली पट्टी त्याचीच असू शकते.