आप्तवाक्य आणि जाहिरात : मुलांच्या विश्वासाचा इतिहास

न्यायदर्शनाने जी चार प्रमाणे मानली, त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही एक प्रमाण आहे. अट एवढीच, की तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक हा आजचा रूढ अर्थ; शास्त्रातला अर्थ त्याहून काटेकोर आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे दोन कसोट्या झाल्या : ज्ञानाची आणि हेतूची. प्रौढ माणूस या कसोट्या, जमेल तशा, लावून पाहतो. लहान मूल मात्र जवळजवळ सगळे जग शब्दप्रमाणानेच शिकते. आई सांगते म्हणून हा काका, बाई सांगतात म्हणून पृथ्वी गोल. विश्वास ठेवणे ही मुलाच्या बुद्धीची उणीव नसून शिकण्याची रीतच आहे. प्रसिद्ध व्यक्तींच्या जाहिरातींचा मुलांवर होणारा परिणाम पाहायचा, तर प्रश्न येथून सुरू करावा लागतो. आप्ताच्या जागी दुसरेच कोणी कसे येऊन बसले, याचा तो इतिहास आहे.

आपल्याकडे या इतिहासाच्या आरंभी नट किंवा खेळाडू नव्हे, तर कवी उभा आहे. गोदरेज कंपनीने वनस्पती तेलापासून साबण तयार केला, तेव्हा त्याची शिफारस करणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते. त्या शिफारशीमागे स्वदेशीची भूमिका होती. जाहिरात सुजाण वाचकाला उद्देशून होती आणि आवाहन देशाभिमानाला होते. पुढे १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. पदवीधर, 'नाट्यमन्वंतर'च्या परंपरेतून आलेली ही मराठी अभिनेत्री त्या साबणाची पहिली भारतीय चित्रतारका ठरली. येथे देशाभिमानाची जागा कांतीने घेतली; पण ऐकणारी व्यक्ती अजूनही प्रौढच होती. साबण विकत घेणारी स्त्री आणि जाहिरात वाचणारी स्त्री एकच होती. जाहिरात फसवी असली, तरी तिचा सामना बरोबरीच्या बुद्धीशी होता.

मूल या व्यवहारात शिरले ते नभोवाणीच्या काळात, आणि तेही मागच्या दाराने. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रमाला टूथपेस्टचे नाव होते आणि अमीन सायानी यांचा आवाज त्या नावाशी असा एकजीव झाला, की निवेदक कुठे संपतो आणि विक्रेता कुठे सुरू होतो हे सांगणे कठीण व्हावे. त्याच टूथपेस्टच्या खोक्यात प्राण्यांची चिमुकली प्लास्टिकची चित्रे मिळत. मोठ्यांसाठी गाणी, मुलांसाठी हत्ती-घोडे. पुढे १९७२ मध्ये 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' नभोवाणीवर आली आणि ज्ञानाची परीक्षाही एका पेयाच्या नावाने होऊ लागली. तरीही घरात काय आणायचे याचा निर्णय अजून वडीलधाऱ्यांचाच होता.

हे चित्र बदलले ते दूरदर्शनमुळे. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८३ साली लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला. या तीन घटना एका दशकाच्या आत घडाव्यात, याला जाहिरातीच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. पडदा आला, रंग आले आणि पाठोपाठ पराक्रमी पुरुषही आला. कपिल देव 'बूस्ट' या पेयाच्या जाहिरातीत आपल्या शक्तीचे रहस्य सांगू लागला. पुढे त्याच जाहिरातमालेत सचिन तेंडुलकर आला आणि वाक्यातले सर्वनाम बदलले. 'माझ्या शक्तीचे रहस्य' याचे 'आमच्या शक्तीचे रहस्य' झाले.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबायला हवे. इंग्रजीतल्या आणि हिंदीतल्या त्या सर्वनामात ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असा स्पष्ट भेद आहे. 'आमच्या शक्तीचे रहस्य' म्हटले, तर त्यात फक्त कपिल आणि सचिन. 'आपल्या शक्तीचे रहस्य' म्हटले, तर पडद्यासमोर पेला घेऊन बसलेला मुलगाही त्यात. जाहिरातीचे सारे सामर्थ्य या संदिग्धतेत होते. कायद्याच्या दृष्टीने ती 'आमच्या' म्हणत होती. मुलाच्या कानाला 'आपल्या' असे ऐकू येत होते. लक्सची जाहिरात साक्ष देत होती : मी हा साबण वापरते. ही जाहिरात साक्षीच्या पलीकडे जाऊन नाते जोडत होती : तू माझ्यासारखा आहेस. साक्ष तपासता येते. नाते तपासायचे कसे?

नव्वदच्या दशकात या नात्याची बाजारपेठ झाली. पेप्सी १९९० मध्ये भारतात आली, १९७७ साली गेलेली कोका-कोला १९९३ मध्ये परतली आणि दोघींच्या स्पर्धेत क्रिकेटपटू व चित्रतारे वाटून घेतले गेले. १९९८ च्या सुमारास पार्ले-जीच्या पुड्यासाठी शक्तिमान पुढे आला. आता तर प्रसिद्ध व्यक्तीही नको होती, काल्पनिक पात्र पुरेसे होते. मोठ्यांना मुकेश खन्ना दिसत होते. मुलांना शक्तिमानच दिसत होता. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाने बिस्किटांच्या वेष्टनांवर 'धावा' छापल्या आणि त्या जमवणाऱ्यांना इंग्लंडला जाऊन सामने पाहण्याची आशा दाखवली. भूक लागली म्हणून बिस्किट खाणे आणि धावा हव्यात म्हणून पुडा घ्यायला लावणे, यांतले अंतर मुलांनी त्या वर्षी सहज ओलांडले. घरच्या खरेदीत आता मुलाचा हट्ट हा एक स्वतंत्र घटक झाला होता आणि जाहिरात त्या हट्टाला शब्द पुरवत होती.

याच काळात नकाराचाही एक छोटा इतिहास घडला. मराठीच्या अभ्यासकांना त्याविषयी विशेष आस्था वाटावी. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर हे कवी आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. वडिलांना दिलेल्या शब्दामुळे आपण तंबाखू आणि मद्य यांच्या जाहिराती कधी केल्या नाहीत, असे सचिनने जाहीरपणे सांगितले आहे. १९९६ च्या विश्वचषकाच्या नावातच सिगारेटचे नाव होते. त्या स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्या सचिनच्या बॅटवर मात्र कोणत्याही कंपनीची पट्टी नव्हती. एका मराठीच्या प्राध्यापकाचा शब्द बाजाराहून जड ठरला, ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण इतिहास लिहिताना अभिमानाशी थांबता येत नाही. तोच सचिन शीतपेयाच्या जाहिरातीत होता. तंबाखू आणि मद्य वाईट, याविषयी समाजाचे एकमत होते. साखरेच्या पाण्याविषयी तसे ते नव्हते. माणूस नकार देतो तो बहुधा त्याच्या काळाने आखून दिलेल्या रेषेपाशी. ती रेषा पुढे सरकवणारे थोडे. २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद याने शीतपेयाची जाहिरात नाकारली, ती या अर्थाने महत्त्वाची. कोट्यवधी लोक ओळखतात अशा अवस्थेत तो नुकताच पोहोचला होता आणि नकाराची किंमत त्याला मोजावी लागणार होती.

ही रेषा पुढे सरकली ती तारकांमुळे नव्हे, प्रयोगशाळेमुळे. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ मध्ये तिने संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य मानले. २०१५ साली मॅगीवर बंदी आली, तेव्हा तिची जाहिरात केलेल्या कलावंतांवरही बिहारमध्ये न्यायालयीन कारवाईची वेळ आली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ती बंदी रद्द करून नव्याने तपासणीचा आदेश दिला, हेही नोंदवले पाहिजे. पण या वादाने प्रश्न मात्र नेमका उभा केला : शेवयांत काय आहे हे नटीला कसे ठाऊक असणार? आणि ठाऊक नसेल, तर तिने सांगावे का?

म्हणजे फिरून आपण आप्ताच्या पहिल्या कसोटीपाशी आलो. गंमत अशी, की कायदाही तेथेच आला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत, दंडाची तरतूद केली. दाव्याची खातरजमा त्याने योग्य रीतीने केली असेल, तर मात्र सूट. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या : शिफारस प्रामाणिक मताची आणि पुरेशा माहितीवर अथवा अनुभवावर आधारलेली असावी, आणि कंपनीशी असलेले जे संबंध लोकांच्या अपेक्षेत नसतील, ते उघड करावेत. जाणले आहे का, आणि सांगण्यामागे हेतू कोणता? कायदा करणाऱ्यांनी न्यायसूत्रे चाळली नसतील. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या तर्कशास्त्राने घातलेल्या अटी एकविसाव्या शतकातल्या अधिसूचनेत जवळपास जशाच्या तशा आढळतात.

मग प्रश्न सुटला का? मुलांच्या बाबतीत नाही. संबंध उघड करा, हा उपाय उघड केलेले समजू शकणाऱ्यासाठी आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ साली मांडले, की आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा मन वळवण्याचा हेतूच नीट ओळखता येत नाही. अशा मुलासमोर कोपऱ्यात 'सशुल्क' अशी पाटी लावून काय साधणार? म्हणूनच कॅनडातील क्यूबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यावरच बंदी घातली आणि स्वीडनने १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर. आपल्या २०२२ च्या सूचनाही चिप्स, शीतपेये इत्यादींच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर नकोत असे सांगतात. परंतु आपले मूल फक्त मुलांचे कार्यक्रम कुठे पाहते? ते आजोबांच्या शेजारी बसून क्रिकेटचा सामना पाहते आणि आजीबरोबर मालिका. क्रिकेट हा कायद्याच्या लेखी मुलांचा कार्यक्रम नाही. मुलांचे दैवत मात्र तेथेच आहे.

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे शिक्षकाचे काम सुरू होते, आणि येथे आपल्या वर्गाकडे पाहावे लागते. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात 'जाहिरात लेखन' हा घटक आहे. आकर्षक शब्दयोजना करा, लक्षवेधक मांडणी करा, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्याला गुण देतो. जाहिरात लिहायला शिकवणारे आपण ती वाचायला कितपत शिकवतो? कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे, निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हा विवेक साहित्याच्या वर्गात आपण वर्षानुवर्षे रुजवतो. तोच विवेक जाहिरातीला लावला, तर तीन साधे प्रश्न उरतात. हे कोण बोलत आहे? त्याला हे कसे कळले? बोलण्याबद्दल त्याला काय मिळाले? यासाठी वेगळे पुस्तक नको, वेगळा तासही नको.

असा प्रश्न मूल विचारू शकते, याचा दाखला आहे. २०१४ साली अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत बोलताना अमिताभ बच्चन यांनी सांगितले, की जयपूरमध्ये एका लहान मुलीने त्यांना विचारले होते : आमच्या शिक्षिका ज्याला विष म्हणतात, त्याची जाहिरात तुम्ही का करता? त्यानंतर आपण पेप्सीची जाहिरात करणे थांबवले, असे ते म्हणाले. या प्रसंगात नटाच्या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले. त्या मुलीच्या मनात काय घडले असेल, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. तिच्यापुढे दोन आप्तवाक्ये उभी होती, एक वर्गातले आणि एक पडद्यावरचे, आणि दोन्ही खरी असणे शक्य नव्हते. तिने त्यांतले एक निमूटपणे स्वीकारले नाही. बोलणाऱ्यालाच गाठून त्याचे कारण विचारले. त्या अनाम शिक्षिकेने आपल्या वर्गात काही सांगितले नसते, तर विरोध दिसला नसता आणि प्रश्नही उठला नसता.