फेरेट, उंदीर आणि फ्लूचा विषाणू

माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो, हे सिद्ध झाले ते प्राण्यांमुळे. १९३१ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला. विषाणू एकटा असता आजार सौम्य राहतो आणि एका विशिष्ट जिवाणूची जोड मिळाली की तो बळावतो, हे त्यांचे निरीक्षण आजही मोलाचे आहे.

१९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्रूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या गुळण्यांचे पाणी गाळून फेरेट या प्राण्यांच्या नाकात सोडले. फेरेटना ताप आला, शिंका सुरू झाल्या. बरे झालेल्या फेरेटना पुन्हा लागण होत नव्हती आणि त्यांच्या रक्तद्रवाने विषाणू निष्प्रभ होत होता. पुढच्याच वर्षी भूल दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत हा विषाणू रुजवण्यात आला. फुप्फुसातील विषाणू आणि शरीर यांची झुंज अभ्यासण्याचे साधन त्यामुळे हाती आले.

या झुंजीतील पेशींची बाजू उलगडायला मात्र वेळ लागला. १९५७ साली लंडनमधील मिल हिल येथे ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांना इंटरफेरॉन सापडले. विषाणूशी गाठ पडलेल्या पेशी ते सोडतात आणि शेजारच्या पेशी सावध होतात. फुप्फुसाच्या वायुकोशांत मुक्कामी असलेल्या भक्षक पेशी विषाणू गिळतात, इंटरफेरॉनही सोडतात. मारक टी पेशी काही दिवसांनी पोहोचतात आणि बाधित पेशी नष्ट करतात. हा मारा अनावर झाला, तर फुप्फुसाचीच हानी होते. आणि ज्या फेरेटवर १९३३ मध्ये हे प्रयोग झाले, त्याच प्राण्यावर माणसांसाठीच्या फ्लूच्या लसी आजही तपासल्या जातात.