कललेली पद्मिनी आणि माझी घाई

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. त्यामुळे उरलेल्या गाड्या हाच आता माझा पुरावा. अशीच एक निवृत्त टॅक्सी बघायला गॅरेजात गेले, तर ती मागून डावीकडे कललेली. वहीत लगेच लिहिलं : 'वर्षानुवर्षं जास्त ओझं, पाटे बसले.' मिस्त्री हसले. "ताई, आधी तपासा तरी."

फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. म्हणजे पुढची स्प्रिंग खचली तरी मागचा भाग कललेला दिसू शकतो. मिस्त्रींनी गाडी सपाट फरशीवर घेतली, टायरांतली हवा सारखी केली. मग पुढची बाजू बरोबर मधोमध एकाच जॅकवर उचलली. कल तसाच! म्हणजे दोष मागेच. मग डावे-उजवे पाटे अदलाबदल केले. पाटे बसलेले असते, तर कल उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला.

दोष निघाला बॉडीत. डाव्या पाट्याचं शॅकल जिथे बसतं, तिथला पत्रा गंजून वर दबला होता. तो कापून नवा जाड पत्रा वेल्ड केला आणि गाडी सरळ झाली. नवे पाटे घातले असते, तर पैसे गेले असते आणि कल राहिला असता.

माझी नोंद प्रबंधात गेली असती, तर पावसाळ्यांनी केलेला गंज मी ओझ्याच्या नावावर खपवला असता. ती चटकन सुचली, कारण मला हवी तीच होती. मित्रांनो, तुमचं आवडतं उत्तर आधी मोडून बघा.