चिन्हांची भाषा आणि शब्दांची मालकी : पर्यायी संप्रेषणाच्या इतिहासातील एक प्रकरण

ज्यांना बोलता येत नाही, अथवा बोललेले व लिहिलेले समजून घेताना ज्यांना बौद्धिक अडचणी येतात, अशा व्यक्तींच्या हाती आज टॅबलेट व मोबाइलवरील चित्रफलक आले आहेत. चित्राला स्पर्श केला की यंत्र शब्द उच्चारते. या सोयीकडे बहुधा तंत्रज्ञानाची किमया म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाला मात्र तिचे मूळ वैयक्तिक संगणकाच्या आधीच्या एका वादात दिसते. फलकावर कोणते शब्द असावेत हे कोणी ठरवायचे, हा तो वाद होय.

चार्ल्स ब्लिस यांचा जन्म १८९७ साली तत्कालीन ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यातील चेर्नोविट्स येथे झाला. ते रसायन अभियंता होते. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना प्रथम डाखाऊ व नंतर बुखेनवाल्ड येथील छळछावणीत ठेवले. सुटकेनंतर ते शांघायला पोहोचले. भिन्न बोली बोलणारे लोक एकच चिनी लिपी वाचतात, हे तेथे पाहून सर्व मानवजातीसाठी एक चित्रलिपी रचण्याची कल्पना त्यांना सुचली. शब्दांच्या विपर्यासातून द्वेष पसरतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी आपला ग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध केला. विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

दखल घेतली ती वेगळ्याच लोकांनी. १९७१ साली टोरांटो येथील अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन व त्यांचे सहकारी मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी साधन शोधत होते. केवळ चित्रांनी 'भाकरी' दाखवता येते, 'काल' किंवा 'भीती' दाखवणे कठीण जाते. ब्लिस यांच्या चिन्हांनी ही अडचण दूर केली. प्रत्येक चिन्हाखाली शब्द छापलेला असल्याने अनोळखी माणसालाही मुलाचे म्हणणे वाचता येई. ब्लिस प्रथम हरखून गेले. पुढे शिक्षकांनी मुलांच्या गरजेनुसार आणि इंग्रजी शिकविण्याच्या सोयीसाठी चिन्हांत फेरबदल केले, तेव्हा ते संतापले. गैरसमज संपविण्यासाठी निर्माण झालेल्या लिपीवरून कायदेशीर तंटा उद्भवावा, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. १९८२ मध्ये परवान्याच्या करारावर हे प्रकरण मिटले. १९८५ साली ब्लिस यांचे निधन झाले.

या तंट्यात दोन्ही बाजू प्रौढांच्या होत्या. ज्यांची ती वाणी झाली होती, त्या मुलांना कोणी पक्षकार मानले नाही. यानंतर फलक लाकडावरून पडद्यावर आला, तरी ही उणीव तशीच त्याच्याबरोबर आली.

भारतात २०१० च्या सुमारास चेन्नईच्या अजित नारायणन यांचे 'आवाज' हे साधन आले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत घडलेल्या 'जेलो'मध्ये मराठीही आहे. मात्र मराठीत केवळ शब्द भाषांतरित करून भागत नाही. 'मी', 'पाणी', 'पिणे' ही तीन चित्रे ओळीने दाबली तर वाक्य होत नाही. क्रियापदाला लिंग, वचन व काळ लागतो. त्यातही इंग्रजीतील एका 'यू'साठी आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आहेत. फलकावर केवळ 'तू' ठेवला, तर मूल प्राध्यापकांनाही 'तू' म्हणणार, आणि दोष मुलाच्या संस्कारांना लागणार!

कायद्याची चाल याहून संथ होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील सात प्रकारांत वाचादोष स्वतंत्रपणे नव्हता. स्वमग्नतेचा उल्लेख १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आला. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात 'संप्रेषण' या संज्ञेतच पूरक व पर्यायी पद्धती समाविष्ट झाल्या. भारताने २००७ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले, आणि २०१६ च्या अधिनियमात ती व्याख्या आली.

व्याख्येने साधन मान्य झाले, फलकावरील शब्द मात्र आजही बहुतांशी पालक, शिक्षक किंवा उपचारक निवडतात. 'पाणी', 'जेवण', 'शौचालय' हे शब्द आधी येतात, कारण ते सांभाळणाऱ्याच्या कामाचे असतात. शरीराच्या खाजगी अवयवांची नावे, 'मला हात लावू नको', 'हा मनुष्य मला मारतो' ही वाक्ये पुष्कळदा फलकावर नसतात. अशा व्यक्तीवर अत्याचार झाला, तर तिच्याजवळ बोलणारे यंत्र असूनही तक्रार करण्यास शब्द नसतो.