बेकारांच्या याद्या : बेल्जियम, १९१४-१८

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. सरकार पुढे फ्रान्समधील ल हाव्रला गेले. नगरपालिका, न्यायालये व मंत्रालयांतील कर्मचारी बहुतांशी जागेवरच राहिले. १९०७ च्या हेग नियमावलीनुसार जेत्याने, अगदीच अशक्य नसेल तर, व्याप्त प्रदेशातील प्रचलित कायदे पाळावयाचे असतात. जर्मनीला ते सोयीचेही होते. परक्या देशाची करवसुली कोणता सेनापती स्वतः करीत बसेल? दरमहा चार कोटी फ्रँकची युद्धखंडणीदेखील बेल्जियमच्या प्रांतांवरच लादली गेली.

खरी कसोटी १९१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लागली. जर्मन कारखान्यांना मजूर हवे होते, म्हणून नगरपालिकांकडून बेकारांच्या याद्या मागविण्यात आल्या. साधा कागद! आपल्याकडील सराईत कारकून तो दुपारपर्यंत तयार करील. अनेक नगरपालिकांनी नकार दिला. तूर्ने शहराला २ लाख मार्क दंड झाला. तरीही सुमारे १,२०,००० माणसे नेली गेली, आणि याद्यांअभावी हाताला काम असलेलेही त्यांत सापडले. नकाराची किंमत नकार देणाऱ्यानेच मोजली, असे म्हणता येत नाही. तरीही मला तो नकार योग्य वाटतो. यादीवर सही कोणाची, हा प्रश्न गौण नव्हे.

मार्च १९१७ मध्ये जर्मनांनी भाषेच्या आधारे फ्लँडर्स व वॅलोनिया असे प्रशासन विभागले, तेव्हा अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. फेब्रुवारी १९१८ मध्ये ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्लेमिश पुढाऱ्यांवर कारवाई आरंभली, तर न्यायाधीशांनाच अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले, पाठोपाठ इतर न्यायालयांनीही. अखेर जर्मनांना स्वतःची न्यायालये उभारावी लागली.